कागदी हिमस्फटिक : एका शालेय कलाकृतीचे परीक्षण

अमेरिकेतील प्राथमिक शाळांत हिवाळा आला की मुले पांढऱ्या कागदाच्या घड्या घालतात, कात्रीने काप देतात आणि उलगडलेली नक्षी खिडकीला चिकटवतात. हाच कागदी हिमस्फटिक. प्रस्तुत टिपणात आपण त्याचे गुणदोष पाहू.

गुण मोठा आहे. घडीवरचा एक काप प्रत्येक थरात उमटतो. त्यामुळे सममिती ही संकल्पना व्याख्येच्या आधी मुलाच्या हाताला कळते. कापसाचा हिममानव चिकटवताना असे काही घडत नाही; तिथे फक्त नमुन्याची नक्कल होते.

दोष घडीत आहे. चौरस कागद मध्यबिंदूभोवती तीनदा निम्मा दुमडला की ४५ अंशांची पाचर आणि ८ थर मिळतात. उलगडल्यावर टोके ४ किंवा ८ येतात. खऱ्या स्फटिकाला मात्र ६ बाजू असतात, कारण बर्फात पाण्याचे रेणू षट्कोनी जाळीत बांधलेले असतात. सहाच का, हा प्रश्न योहानेस केप्लर यांनी १६११ मध्येच विचारला होता. सहा टोकांसाठी कागद एकदा निम्मा करावा, मध्यबिंदूपासून ६० अंशांचे तीन भाग दुमडावेत आणि पुन्हा निम्मे करावे. मग ३० अंशांची पाचर आणि १२ थर मिळतात.

यावर काही शिक्षक कापण्याच्या रेषा छापलेला कागद देतात. हा उपाय दोषाहून वाईट आहे. टोके सहा येतात, पण मुलाचा निर्णय संपतो. तयार बाह्यरेषा मुलांच्या अभिव्यक्तीला मारक ठरतात, असे व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ च्या ग्रंथात मांडलेच आहे.

मग अचूकता की स्वातंत्र्य? माझ्या मते हा पेच खोटा आहे. व्हरमाँटमधील विल्सन बेंटली यांनी १८८५ मध्ये हिमस्फटिकाचे आपले पहिले सूक्ष्मछायाचित्र घेतले आणि पुढे पाच हजारांहून अधिक घेतली. त्यांपैकी काही छायाचित्रे आणि आठ टोकांची कागदी नक्षी शेजारी ठेवावी व मुलांना टोके मोजू द्यावीत. फरक त्यांनाच सापडेल. बेंटली यांनीही सुबक स्फटिकच निवडले होते. निसर्गात बहुतेक वेडेवाकडे असतात, हेही सांगावे.

आठ टोकांची नक्षी सुंदर असू शकते. ती मोजायला न लावणे, हे मात्र अध्यापनातील अपयश आहे. ३० अंशांची घडी आज स्वतः घालून पाहा.