राज्य नाकारणाऱ्यांचे शिल्प

वर्ध्याहून नागपूरकडे निघाले की आठ-दहा किलोमीटरवर पवनार लागते. धाम नदीच्या काठी, टेकाडावर विनोबांचा आश्रम आहे. 1938 साली विनोबा इथे राहायला आले. पुढे आवारात खोदकाम करताना जमिनीतून जुनी शिल्पे निघू लागली. त्यांतला एक शिल्पपट आज आश्रमातल्या भरत-राम मंदिरात पूजेला आहे.

पटाचा सगळा भार एका भेटीवर आहे. दोन पुरुष भेटतात, एकाचा हात दुसऱ्याच्या हातात आहे. बाकीची माणसे या भेटीची साक्षीदार. अंगे भरीव, पण ताठरपणा कुठे नाही. दागिन्यांचा सोसही नाही. पाचव्या शतकातली अजिंठ्याची लेणी पाहिलेल्या डोळ्याला ही घडण ओळखीची वाटते, कारण दोन्हीकडे काळ वाकाटक राजांचाच. या पटात डोळा हातांवर येऊन थांबतो. शिल्पकाराने भावना चेहऱ्यावर ओतण्याऐवजी पकडीत ठेवली आहे.

विदर्भाच्या ताम्रपटांचा आयुष्यभर अभ्यास केलेल्या वा. वि. मिराशी यांनी पवनार म्हणजे वाकाटक राजा दुसऱ्या प्रवरसेनाची राजधानी प्रवरपूर, असे मांडले आणि इथल्या शिल्पांत रामकथेतले प्रसंग ओळखले. त्यांच्या मते इथे रामाचे देऊळ होते. प्रवरसेनाच्या नावावर ‘सेतुबंध’ हे माहाराष्ट्री प्राकृतातले रामकथेचे काव्य आहे, ही गोष्ट या मताला बळ देते. काही अभ्यासकांना मात्र यांतल्या काही पटांत कृष्णकथा दिसते. मला हा पट भरतभेटीचा वाटतो, आणि तसा तो वाचला तर त्याच्यामागचा समाज बोलू लागतो.

रामकथेत शिल्पकाराला प्रसंगांची वाण नव्हती. रावणवध आहे, राज्याभिषेक आहे. चित्रकूटावरच्या या भेटीत मात्र जिंकणारा कोणीच नाही. राज्य घ्या म्हणून एक विनवतो, दुसरा नाही म्हणतो. शेवटी पादुका गादीवर ठेवून भरत चौदा वर्षे कारभार पाहतो. राजधानीच्या देवळात हा प्रसंग का कोरावा?

प्रवरसेनाची आई प्रभावतीगुप्ता ही गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी. पती रुद्रसेन लवकर वारला, मुले लहान होती. पुण्यात मिळालेल्या तिच्या ताम्रपटावर कारकिर्दीचे तेरावे वर्ष आहे आणि तिथे ती स्वतःला युवराज दिवाकरसेनाची आई म्हणवते. तेरा वर्षे कारभार तिच्या हाती, पण गादी मुलाची! रामगिरीच्या, म्हणजे रामटेकच्या, स्वामींवर तिची भक्ती होती. दुसऱ्याचे राज्य सांभाळणाऱ्या भरताची गोष्ट त्या घराण्याला परकी नव्हती. देऊळ तिनेच बांधवले असा पुरावा माझ्यापाशी नाही. पण ज्या दरबाराने ‘विश्वस्त’ राज्य जवळून पाहिले होते, त्याला हा प्रसंग नुसता पुराणातला वाटला नसणार.

रोमची कला शेजारी ठेवली की फरक ठसठशीत होतो. इ.स. 113 मध्ये उभारलेल्या ट्राजनच्या स्तंभावर डेशियाच्या युद्धाची कथा गोल गोल वर चढत जाते. सैनिक पूल बांधतात, किल्ले उभारतात, कैदी आणतात. आणि सम्राट त्यात पुन्हा पुन्हा दिसतो. समकालीन विजय सम्राटाच्या नावाने दगडात उतरवावा, ही त्या समाजाची रीत. इथला राजा दगडात स्वतः येत नाही. स्वतःबद्दल बोलायचे ते त्याने ताम्रपटांवर सोडले आहे. तिथे वंशावळ आहे, पदव्या आहेत, पूर्वजांनी केलेल्या यज्ञांची यादी आहे. म्हणजे वाकाटक काही निरिच्छ नव्हते. सत्तेचा पसारा त्यांनी दानपत्रात मांडला आणि तिची मर्यादा देवळात.

विनोबांचे वाचन आणखी वेगळे. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगातल्या गीता-प्रवचनांत, बाराव्या अध्यायावर बोलताना, त्यांनी राम-भरताच्या भेटीचे चित्र मनाशी रंगवले होते: दोघेही तपस्वी, दोघांची कांती सारखी, राम कोणता आणि भरत कोणता ते कळू नये. ती प्रवचने साने गुरुजींनी टिपून घेतली. पुढे पवनारच्या मातीतून हा पट निघाला, तेव्हा विनोबांनी त्यात तीच भेट ओळखली आणि त्याची स्थापना केली.

म्हणून या पटाचा काळ ठरवताना पाचवे शतक एवढेच सांगून भागत नाही. मालकाने मालक न राहता विश्वस्त व्हावे, हा विचार गांधीजींनी सेवाग्रामच्या आसपास वर्षानुवर्षे घोळवला. 1951 पासून विनोबा जमीनदारांच्या दारात तेच मागत पायी फिरले. वाकाटकांच्या काळात ज्याने हे हात कोरले त्याला आपण भरताचा काळ दाखवतो आहोत असे वाटले असेल. वर्ध्याने मात्र ते शिल्प आपल्याच काळाचे म्हणून पूजेला बसवले.