नकाशा कुणाचा, प्रवाशाचा की फायलीचा?

'तू वेस्टर्नचा की सेंट्रलचा?' मुंबईत या एका प्रश्नात समोरच्याचं घर, ऑफिसची वाट आणि पावसाळ्यातले हाल सगळं कळतं. गंमत अशी की मुळात ही नावं मार्गांची नाहीतच. १९५१ साली स्थापन झालेल्या दोन रेल्वे झोनची ती नावं. सरकारी वाटणी लोकांनी वापरून वापरून भूगोल करून टाकली.

हार्बर मात्र या वाटणीत बसत नाही. ती मध्य रेल्वेची, पण वडाळ्याहून तिचा एक फाटा वांद्रे, अंधेरी करत गोरेगावपर्यंत, म्हणजे थेट वेस्टर्नच्या अंगणात जातो. लोक तिला मालकाच्या नावाने हाक मारत नाहीत. ती फक्त 'हार्बर'. प्रवाशाला गाडी कुठे जाते हे हवं असतं, ती कुणाची हे नाही.

मेट्रोच्या नकाशात नेमकं हेच निसटलंय. मार्ग १ सुरू झाला २०१४ मध्ये, २अ आणि ७ २०२२ मध्ये, ३ २०२४ मध्ये. सातवर लोक प्रवास करू लागले तेव्हा ४, ५, ६ धावतही नव्हत्या. हे क्रमांक आराखड्यातले. आमच्या धंद्यात सांगायचं तर डेटाबेसमधला आयडी थेट युजरच्या स्क्रीनवर आलाय.

क्रमांकाचं एक वेळ चालेल. तो कुठल्याही भाषेच्या माणसाला वाचता येतो, आणि रंग ओळखता न येणाऱ्यालाही. खरी अडचण गाडी बदलताना होते. मार्ग १ वरचं डी. एन. नगर आणि २अ वरचं अंधेरी पश्चिम पुलाने जोडलेली आहेत. तसंच मार्ग १ वरचं पश्चिम द्रुतगती मार्ग आणि ७ वरचं गुंदवली. चालायला काही मिनिटं, पण नावं दोन, कारण मार्ग चालवणाऱ्या संस्था दोन. नवख्या माणसाने कुठल्या स्टेशनचं नाव विचारायचं? मरोळ नाक्याला १ आणि ३ दोघांनी एकच नाव ठेवलं, म्हणजे जमतं.

लंडनमध्येही ओव्हरग्राउंडचे सहा वेगळे मार्ग वर्षानुवर्षं एकाच नारिंगी रंगात दाखवले जात, कारण ब्रँड एक. २०२४ च्या नोव्हेंबरपासून प्रत्येकाला स्वतःचं नाव आणि रंग मिळू लागला. संस्था तीच राहिली, फक्त रेघा प्रवाशाच्या बाजूने ओढल्या.

मुंबईत मेट्रोचे अजून बरेच मार्ग यायचे आहेत. एका जागेला एक नाव, एवढी दुरुस्ती आत्ताच स्वस्तात होईल. पुढे पाट्या, तिकिटं, ॲप आणि लोकांच्या सवयी, सगळंच बदलावं लागेल.