लिस्बन : पाषाणाची साक्ष आणि पाकशाळेची

वकिली व्यवसायात एक गोष्ट लवकर ध्यानी येते. पक्षकार आपल्या कैफियतीत जे मांडतो, त्याहून उलटतपासणीत त्याच्या मुखातून सहज निसटते ते अधिक मोलाचे असते. पोर्तुगालची राजधानी लिस्बन पाहताना मला याचा पदोपदी प्रत्यय आला. या नगरीची कैफियत पाषाणात कोरलेली आहे. उलटतपासणी मात्र तिच्या पाकशाळेत होते.

कैफियत वाचायची तर टागुस नदीकाठी, बेलेम भागात जावे. तेथे गलबताच्या नाळेसारखे पुढे झेपावलेले ५६ मीटर उंचीचे 'शोधांचे स्मारक' उभे आहे. १९४० च्या प्रदर्शनासाठी ते तात्पुरते उभारले गेले आणि १९६० साली, राजपुत्र हेन्रीच्या पाचशेव्या पुण्यतिथीच्या निमित्ताने, काँक्रीट व दगडात कायम झाले. शिल्प म्हणून त्याचे सामर्थ्य नाकारता येत नाही. नाळेकडे चढत जाणाऱ्या आकृतींची लय डोळ्यांना खिळवून ठेवते. पण समीक्षकाने लयीपाशी थांबू नये. त्या तेहेतीस आकृतींत राजे आहेत, दर्यावर्दी आहेत, कवी कामोंइश आहे, अल्बुकर्क आणि फ्रान्सिस झेवियरही आहेत. मात्र मालिंदीहून वास्को द गामाला कालिकतची वाट दाखवणारा वाटाड्या नाही. आफ्रिकेतून पकडून आणलेला एकही गुलाम नाही. जेथे बाजार भरत होते आणि देवळांत सांजवात लागत होती, त्या भूमीचा 'शोध' लागला तो कोणाला? स्मारक हा प्रश्न ऐकूनच घेत नाही. ते उभे राहिल्यानंतर पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९६१ मध्ये, गोवा मुक्त झाला, हे इतिहासाने केलेले भाष्य होय.

जवळचाच जेरोनिमुश मठ अधिक प्रांजळ आहे. सोळाव्या शतकाच्या आरंभी सुरू झालेल्या या बांधकामाला आफ्रिका व पूर्वेकडील व्यापारावरील पाच टक्के कराने पैसा पुरवला. त्याच्या खांबांवर दोरखंड आणि सागरी आकार कोरलेले आहेत. संपत्ती कोठून आली, हे तो लपवीत नाही.

मठानजीक १८३७ पासून अंड्याच्या बलकाची एक गोड पेस्ट्री विकली जाते. तिच्यावर दालचिनीची पूड भुरभुरतात. ज्या दालचिनीसाठी सिंहलद्वीपात किल्ले बांधले गेले, ती येथे चिमूटभर उरली आहे! पोर्तुगीजांचा जीव की प्राण असलेला बाकल्याव म्हणजे सुकवलेला खारा कॉड मासा. तोही त्यांच्या समुद्रातला नव्हे, दूर उत्तर अटलांटिकमधला. पण सर्वांत बोलकी साक्ष 'अल्यैरा' नावाच्या पाव-मांसाच्या गुंडाळीची. १४९७ साली ज्यूंना सक्तीने ख्रिस्ती करण्यात आले. घरात डुकराच्या मांसाच्या गुंडाळ्या टांगलेल्या दिसल्या नाहीत तर संशय येई. म्हणून त्यांनी कोंबडी व पाव भरून तशाच दिसणाऱ्या गुंडाळ्या केल्या, अशी परंपरागत कथा आहे. ज्यांच्या पूर्वजांनी कुशस्थळीहून श्रीमंगेशाला प्रियोळास नेले, त्यांना या कथेचा अर्थ फोड करून सांगायला नको.

तथापि न्यायाची तागडी दोन्हीकडे सारखी धरली पाहिजे. आपल्या उपवासाच्या ताटातील बटाटा नावासकट पोर्तुगीजांकडून आला. आमटीतील मिरची त्यांच्याच गलबतांतून उतरली. आपण त्यांना आपलेसे केले आणि मूळ विसरलो. पाकशाळा वैर धरीत नाही. पण ती खोटेही बोलत नाही.

लिस्बनला कबुली देता येत नाही, असेही म्हणवत नाही. १५०६ साली तेथे धर्मांतरित ज्यूंची कत्तल झाली. साँव दोमिंगुश चर्चसमोर त्या बळींचे स्मारक २००८ साली उभे राहिले आहे. लहानसे, जमिनीलगत, मान खाली घालून वाचावे लागणारे. कलादृष्ट्या ते बेलेमच्या नाळेपुढे काहीच नव्हे. माझ्या मते मात्र त्या नगरीतील थोर शिल्प तेच. कारण तेवढ्याच दगडाने स्वतःविरुद्ध साक्ष दिली आहे. ज्या नगरीला हे साधले, तिने बेलेमला बाळगलेले मौन अज्ञानाचे म्हणता येत नाही.