उत्तर ध्रुवाचे दोन दावेदार

लोकमान्य टिळकांनी १९०३ साली वैदिक आर्यांचे मूलस्थान उत्तर ध्रुवापाशी असल्याचे मांडले. त्यामुळे मराठी वाचकाला तो हिममय मुलूख नावाने तरी परका नाही. आज मात्र तेथील पूर्वज कोण, यापेक्षा वारस कोण, हा वाद मोठा आहे. २००७ साली रशियाने ध्रुवाखालच्या सागरतळावर आपला ध्वज रोवला. बर्फ वितळत आहे, जलमार्ग आणि खनिजे हाती येण्याची आशा बळावत आहे. या पार्श्वभूमीवर दोन सरकारी धोरणपत्रे मी भाषाशिक्षकाच्या नजरेने वाचली.

पहिले चीनचे, जानेवारी २०१८ मधले. त्यात चीन स्वतःला ‘आर्क्टिकनिकट राष्ट्र’ म्हणवतो. चीनचे उत्तर टोक सुमारे ५३ अंशांवर, आर्क्टिक वृत्त साडेसहासष्ट अंशांवर! भूगोलाच्या पेपरात असल्या उत्तराला गुण मिळाले नसते. राजकारणात मात्र आधी शब्द घडवायचा आणि मग हक्क सांगायचा, ही जुनी रीत आहे.

दुसरे आपले, मार्च २०२२ मधले. ते शेजारपणाचा आव आणत नाही. ध्रुवावरील बदलांचा आपल्या मोसमी पावसाशी असलेला संबंध अभ्यासला पाहिजे, असे ते म्हणते. स्वालबार्ड बेटांवर २००८ पासून आपले ‘हिमाद्री’ संशोधन केंद्र आहे आणि त्याचा कारभार आपल्या शेजारी, गोव्यातल्या वास्कोहून चालतो. पावसावर जगणाऱ्या देशाला हा युक्तिवाद शोभतो.

परंतु पर्यावरणरक्षण आणि खनिजांचा ‘जबाबदार’ शोध ही दोन्ही वचने ते एकाच सुरात देते. दोहोंत विरोध आला तर आधी काय, हा प्रश्न सुटत नाही. शिवाय ते प्रसिद्ध होण्याच्या दोनच आठवडे आधी, युक्रेनवरील आक्रमणानंतर, आर्क्टिक परिषदेच्या आठपैकी सात सदस्यांनी रशियाबरोबर बसणे थांबवले होते. त्यानंतर ‘सहकार्य’ हा शब्द नुसता उच्चारून भागत नाही.

तेथे माणसेही राहतात. सामी समाज नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि रशिया अशा चार देशांत विभागला आहे. परिषदेत मूलनिवासींच्या संघटनांना आसन आहे, पण निर्णय आठ राष्ट्रांचा. रेषा एकाने ओढावी आणि भाषा दुसऱ्याची असावी, याचा अर्थ सीमाभागातील वाचकाला उलगडून सांगायला नको. आपल्या धोरणाच्या पुढील आवृत्तीत खनिज आधी की माणूस आधी, एवढे एक वाक्य तरी निःसंदिग्धपणे लिहिलेले असावे.