क्लोरीन, भस्मीकरण व डायॉक्सिन : एका निष्कर्षाची चिकित्सा

1995 साली अमेरिकेतील यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेने रिगो, चँडलर व लॅनियर यांचा अहवाल प्रसिद्ध केला. 169 भस्मीकरण-भट्ट्यांची आकडेवारी तपासून लेखकांनी असा निष्कर्ष काढला, की कचऱ्यातील क्लोरीन व धुराड्यातून बाहेर पडणारे डायॉक्सिन यांत बहुतेक ठिकाणी लक्षणीय सहसंबंध आढळत नाही. या कामास पीव्हीसी-उद्योगाच्या संघटनेचे अर्थसाहाय्य होते. परंतु तेवढ्याने अहवाल त्याज्य ठरत नाही. त्याची परीक्षा त्यातील युक्तिवादावरूनच झाली पाहिजे.

अहवालाची एक बाजू निःसंशय बळकट आहे. 1977 साली ओली व त्यांच्या सहकाऱ्यांना ॲम्स्टरडॅम येथे भस्मीकरणाच्या उडत्या राखेत डायॉक्सिन आढळले. पुढील संशोधनाने असे दाखविले, की त्याचा बराचसा भाग ज्वालेत नव्हे, तर वायू निवत असता, सुमारे 250 ते 450 अंश सेल्सिअसच्या दरम्यान, राखेच्या पृष्ठभागावर तयार होतो. तेथे अपूर्ण जळालेला कार्बन, प्राणवायू, क्लोरीन व तांब्यासारखा उत्प्रेरक एकत्र येतात. यास्तव भट्टीची रचना व वायू निवविण्याचा वेग यांचा प्रभाव मोठा असतो, हे मान्य केलेच पाहिजे.

तथापि येथेच एक तर्कदोष शिरतो. ही आकडेवारी चालू भट्ट्यांच्या पूर्वीच्या चाचण्यांतून गोळा केलेली होती. क्लोरीनचे प्रमाण हेतुतः बदलून केलेल्या प्रयोगांतून नव्हे. जो घटक पुरेसा बदललाच नाही, त्याचा परिणाम दिसला नाही, एवढ्यावरून तो परिणामशून्य ठरत नाही. सहसंबंधाचा अभाव म्हणजे कार्यकारणसंबंधाचा अभाव नव्हे. स्वीडनमधील विकस्ट्रोम व सहकाऱ्यांनी 1996 साली कृत्रिम इंधनावर केलेले प्रयोग या दृष्टीने बोधप्रद आहेत. इंधनातील क्लोरीन 1 टक्क्याखाली असता त्यांना ठळक संबंध दिसला नाही. त्यापुढे मात्र डायॉक्सिन वाढले.

हा उंबरठा नगरपालिकेच्या कचऱ्यापेक्षा रुग्णालयीन कचऱ्यास अधिक लागू पडतो. शुद्ध पीव्हीसीत वजनाने सुमारे 57 टक्के क्लोरीन असते. मऊ नळ्यांत ते 35 टक्के धरले, तरी 100 किलोग्रॅम कचऱ्यात अशा 3 किलोग्रॅम नळ्या मिसळताच उंबरठा ओलांडला जातो. परभणी जिल्ह्यातील सेलूसारख्या तालुक्याच्या गावी या गणिताला प्रत्यक्ष अर्थ आहे. 2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार सलाइनच्या नळ्या लाल पिशवीत, तर रक्ताने भिजलेला कापूस पिवळ्या पिशवीत जावयाचा. आणि जाळावयाचा कचरा पिवळ्या पिशवीतला. क्लोरीनयुक्त जंतुनाशकाने प्रक्रिया केलेला कचरा वा क्लोरीनयुक्त प्लास्टिक जाळू नये, असेही नियम सांगतात. म्हणजे सेलूच्या शुश्रूषागृहातील परिचारिका नळी कोणत्या पिशवीत टाकते, यावर दूरच्या भट्टीत जाणारे क्लोरीन काही अंशी ठरते.

नियमांनी दुय्यम कक्षातील तापमान, वायूचा किमान 2 सेकंदांचा निवास व प्रतिघनमीटर 0.1 नॅनोग्रॅम विषसमतुल्य ही मर्यादा घालून दिली आहे. या मर्यादेची चाचणी खर्चिक असून ती क्वचितच होते. वर्गीकरण मात्र रोज घडते. भट्टी उत्तम असली, तर क्लोरीन गौण ठरेल, असे अहवालाचे समर्थक म्हणतील. ते खरेही आहे. परंतु भट्टी उत्तम आहे किंवा नाही, हे सेलूतील परिचारिकेला कळत नाही. म्हणून अहवालाचा निष्कर्ष भट्टीच्या रचनेची जबाबदारी वाढविण्यासाठी वापरावा. वर्गीकरणाची जबाबदारी कमी करण्यासाठी नव्हे.