नवा राजवाडा : रचना आणि रूपांतर

शाहूपुरीपासून थोड्याच अंतरावर असलेल्या कोल्हापूरच्या नव्या राजवाड्याची बोळवण ‘इंडो-सारासेनिक’ या एका विशेषणावर करण्याची प्रथा आहे. हे विशेषण शैलींचे मिश्रण सूचित करते. त्यांचा परस्परसंबंध मात्र सांगत नाही. मेजर चार्ल्स मँट यांच्या आराखड्यानुसार १८७७ ते १८८४ या काळात ही वास्तू काळ्या दगडात उभी राहिली. ती पूर्ण होण्यापूर्वीच, १८८१ मध्ये, मँट निवर्तले.

घुमट, छत्र्या व महिरपी यांचे मूळ गुजरात-राजस्थानात शोधता येते. परंतु विस्तीर्ण आवारातील सुटी इमारत आणि मध्यभागी घड्याळाचा मनोरा ही योजना इंग्लंडमधील ग्रामीण प्रासादांना जवळची आहे. भाषेची उपमा द्यावयाची, तर शब्द देशी व वाक्यरचना परकी. अंबाबाईच्या देवळालगतचा जुना राजवाडा पेठेत मिसळलेला आहे. नवा तिच्यापासून अलग झाला. खरा पालट अलंकरणात नसून या अंतरात आहे. उलटपक्षी, दरबारगृहातील रंगीत काचांवर शिवचरित्रातील प्रसंग आहेत. तेथे तंत्र पाश्चात्त्य, आशय मराठी. म्हणजे उसनवारी एकाच दिशेची नव्हे.

१९७४ मध्ये तळमजल्यावर शहाजी छत्रपती संग्रहालय सुरू झाले. दगड तोच राहिला. दालनांचा अर्थ बदलला. निवासाचे प्रदर्शन झाले, की मांडलेल्या वस्तूंची नोंद होते, दालनाच्या मूळ उपयोगाची होतेच असे नाही. म्हणून अशा वास्तूच्या अभ्यासात शैलीच्या नावाआधी प्रत्येक दालनाच्या उपयोगाचा कालक्रम मांडला पाहिजे. त्यावाचून केलेले शैलीविवेचन हे केवळ दर्शनी भिंतीचे वर्णन ठरते.