उभे पाषाण आणि उसने नाव

पश्चिम आणि उत्तर तिबेटच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून साडेचार हजार मीटरांच्या आसपास, दगडी कुंपणांतले उभे पाषाण, रांगांनी रोवलेले खांब आणि थडगी विखुरलेली आहेत. रोरिख आणि तुच्ची यांनी अशा पाषाणांकडे पूर्वीच लक्ष वेधले होते; पण वर्षानुवर्षे फिरून त्यांची तपशीलवार नोंद केली ती जॉन व्हिन्सेंट बेलेझा यांनी. हे ऋण मान्य करूनच एक आक्षेप घ्यावासा वाटतो.

हे सर्वेक्षण मुख्यतः जमिनीवर दिसणाऱ्या अवशेषांचे आहे, उत्खननाचे नव्हे. ‘झांगझुंग’ (२००८) या ग्रंथात बेलेझा या अवशेषांशेजारी बोन धर्माच्या पोथ्या आणि मौखिक परंपरा ठेवतात. मात्र झांगझुंगचे राज्य सातव्या शतकात तिबेटी साम्राज्यात विलीन झाले आणि या पोथ्या बहुतांशी त्यानंतरच्या आहेत. स्थानिक पशुपालक तर अशी थडगी ‘मोन’ लोकांची मानतात. मग दगडाला नाव द्यायचे कोणी?

गुर्ग्याम येथील थडग्यात सुमारे १८०० वर्षांपूर्वीचे रेशीम आणि चहाचे अवशेष सापडले. तिथला काळ ठरला तो या वस्तूंवरून, पोथीवरून नव्हे. बेलेझांची नोंद टिकेल. त्यांनी दिलेल्या नावाला मात्र कुदळीची साक्ष लागेल.